पार्श्वभूमी : गणिताची पदवी आणि गणिताचा शिक्षक

प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १८१० मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी राज्यपरीक्षा सुरू केली, तेव्हापासून तेथे शिक्षकाची पात्रता विषयावरील प्रभुत्वाशी जोडली गेली. विद्यापीठीय गणित पुढे अमूर्त होत गेले आणि शालेय गणिताशी त्याचा धागा तुटला. विद्यापीठात येताना शाळेचे गणित विसरावे लागते आणि शिक्षक म्हणून शाळेत परतताना विद्यापीठाचे, हा दुहेरी तुटलेपणा एका जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्ये नेमका मांडला. १९५७ नंतर संचांची भाषा शाळेत आणणाऱ्या ‘नव्या गणिता’च्या लाटेनेही हे अंतर बुजले नाही.

खरा वाद आहे तो ‘आधी पदवी, मग अध्यापनाचे प्रशिक्षण’ या रचनेचा. शिक्षकाने कॅल्क्युलसच्या पुढचे किती अभ्यासक्रम केले यावरून त्याच्या विद्यार्थ्यांच्या यशाचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी आढाव्याने काढला. त्यावरून ‘शिक्षकाला उच्च गणिताची गरज नाही’ असा अर्थ अनेकांनी लावला, आणि तो चुकीचा होता. अभ्यासक्रमांची संख्या मोजली म्हणजे त्यांतून काय समजले हे मोजले, असे होत नाही.

१९९९ च्या एका तौलनिक अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण दिले होते. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी ९ जणांचेच उत्तर अचूक आले, तर ७२ चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे. आणि या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी झालेले होते. त्याच उदाहरणावर शाब्दिक गणित रचायला सांगितल्यावर अनेक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याची गोष्ट रचली. पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे साडेतीन तुकडे निघतात, हे सुचण्यासाठी दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणण्याची रीत पाठ असणे पुरत नाही.

या दोन्हींमधले, विषय आणि अध्यापन यांना सांधणारे ज्ञान १९८६ पासून संशोधनाचा स्वतंत्र विषय झाले आहे, आणि पुष्कळ विद्यापीठांनी ‘उच्च दृष्टिकोनातून शालेय गणित’ अशा धर्तीचे पेपर सुरू केले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांची खरी जागा मूळ विषयाच्या तासातच आहे. ऋण गुणिले ऋण धन का, याचे उत्तर अमूर्त बीजगणितात वितरण नियमातून दोन ओळींत निघते; पण हाच प्रश्न सातवी-आठवीतली मुले उद्या आपल्याला विचारणार आहेत, हे त्या तासाला बसलेल्या भावी शिक्षकाला क्वचितच सांगितले जाते.