ओव्हरसाइज पिस्टन म्हणजे बिग बोअर किट नव्हे

जुन्या लूनाचं पिकअप गेलं की कोणीतरी सांगतंच, "मोठा पिस्टन टाकून घे, पळेल." सांगणाऱ्याच्या मनात एक असतं, ऐकणारा दुसरंच समजतो आणि दुकानातून भलताच डबा घरी येतो. ओव्हरसाइज पिस्टन काय किंवा बिग बोअर किट काय, दोन्हींत जुन्यापेक्षा मोठा पिस्टन येतो, एवढंच त्यांचं साम्य. पहिली निव्वळ दुरुस्ती आहे. दुसऱ्यात त्याच केसिंगवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, वेगळं इंजिन उभं राहतं.

आधी आकडे बघू, म्हणजे गोंधळ तिथेच निम्मा मिटेल. ३८ मिलिमीटर बोअर (सिलेंडरच्या भोकाचा व्यास) आणि ४३ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) असलेलं मोपेडचं इंजिन धरा. त्याची क्षमता येते ४८.८ सीसी. ०.५० मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला की ती होते ५०.१ सीसी, म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्क्यांची वाढ. ही वाढ रस्त्यावर कोणालाही जाणवणार नाही. आता त्याच स्ट्रोकवर ४६ मिलिमीटरचं किट बसवा, क्षमता थेट ७१.५ सीसीवर जाते. जवळपास निम्म्याने जास्त.

मग बोअर मारून आणलेली गाडी इतकी तरतरीत का वाटते? कारण गेलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, परत आलेलं असतं. टू-स्ट्रोकचा सिलेंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग फिरते, आणि पोर्टांच्या, म्हणजे हवा-धुराच्या खिडक्यांच्या, आसपास तो जास्त झिजतो, गोलाचा अंडाकृती होतो. त्या फटीतून दाब निसटतो. बोअरिंगवाला थोडा धातू काढून भोक पुन्हा गोल करतो आणि त्या नव्या मापाचा पिस्टन आपण टाकतो. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० ही मापं त्यासाठीच असतात. गाडीला नवी ताकद मिळत नाही, कारखान्यातून निघताना होती तीच परत येते. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्या चाओ मोपेडवरून जी लूना काढली, तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. एका गिअरवर, दोन माणसं आणि भाजीची पिशवी घेऊन ती इमानदारीने चालते.

आमच्या लूनाने दिवे घाटात मान टाकली, तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन आत जाम झाला, पेडल हलेना. मी ब्लॉक (सिलेंडर) उचलून सरळ एका बोअरिंगवाल्याकडे टाकला आणि "दुसरा साइज मारून ठेवा" असं सांगून पिस्टन शोधायला निघालो. पिस्टन मिळाला, पण त्याचं खरं माप आणि मारलेला बोअर यांचं जमेना. पिस्टन आत खुळखुळत होता. म्हणून सांगतो, पिस्टन आधी हातात घ्या, मायक्रोमीटरने त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, मोजून घ्या आणि मग त्याच पिस्टनला बोअर मारायला द्या. डब्यावर ०.५० छापलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या पिस्टनांत थोडा फरक निघतोच, आणि इथे तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा हिशेब असतो. बोअर मारल्यावर पोर्टांच्या धारा घासून मोडल्या आहेत ना, तेही बोट फिरवून बघा. धार तशीच राहिली तर रिंग तिच्यात अडकून तुटते.

खरं तर ब्लॉक उतरवण्याआधीच सायलेन्सर खोलून बघायला हवा. पेट्रोल-ऑइलवर चालणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरची नळी कार्बनने इतकी बुजते की धूर निघायलाच वाट राहत नाही. पिकअप गेलेल्या कितीतरी मोपेड नुसत्या कार्बन खरवडल्यावर सुधारतात. क्रँकचं सील गेलं असेल तर हवा आत ओढली जाते, प्लग पांढरा पडतो. अशा वेळी नवा पिस्टन टाकला तर तोही पकडणार.

आता किटाकडे येऊ. इटलीत मालोसी आणि पोलिनी या कंपन्या ५० सीसीच्या मोपेड-स्कूटरांसाठी अशी किटं वर्षानुवर्षं बनवतात आणि तिकडे त्याचा मोठा शौक आहे. किटात ब्लॉक, पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि बहुधा हेडसुद्धा येतं. पण त्या डब्यात न येणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. हवा जास्त लागणार म्हणून मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र, वाढवावा लागतो. तो वाढवला नाही तर मिश्रण पातळ राहतं, त्यात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. सायलेन्सर तोच ठेवला तर निम्मी ताकद तिथेच गुदमरते. मोठा ब्लॉक खाली बसण्यासाठी केसिंगचं तोंड काही वेळा खरवडून मोठं करावं लागतं, आणि एकदा कापलेलं तोंड परत जुळत नाही. ४९ सीसीसाठी केलेल्या क्रँक बेअरिंगवर ७१ सीसीचा मार बसतो. आणि ब्रेक? सायकलच्या चुलत भावासारखी चाकं आणि त्यांत बसवलेले ते इवलेसे ड्रम. माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे.

"लूना चाओवरून आली म्हणजे चाओचं किट बसेलच" असं धरून परदेशातून डबा मागवू नका. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, ब्लॉक धरणाऱ्या स्टडांमधलं अंतर आणि ब्लॉकच्या खालच्या गळ्याचं माप घ्या, मग पैसे भरा. किटाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आतून निकेलचा मुलामा दिलेला असेल तर त्याला पुढे नेहमीसारखा बोअर मारता येत नाही. बिडाच्या ब्लॉकला मारता येतो.

कायद्याच्या दृष्टीनेही ही दोन कामं एक नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. ७० सीसीचं किट उघडपणे त्यात मोडतं. शिवाय याच कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी सोळाव्या वर्षी परवान्याची सवलत आहे. घरातलं पोर त्या परवान्यावर मोपेड चालवत असेल तर किटाचा विचार मनातही आणू नका.

टर्बो गाड्यांतही हाच घोटाळा होतो, फक्त रक्कम मोठी असते. जुन्या डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, तेल खायला लागला की आतलं कार्ट्रिज (फिरणारा गाभा) बदलतात. ती झाली आपली ओव्हरसाइज पिस्टनसारखी दुरुस्ती, गेलेला बूस्ट (हवेचा तो दाब) परत येतो. मोठा टर्बो बसवला तर इंजेक्टर, इंटरकूलर, ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) मॅपिंग आणि क्लच, सगळंच बघावं लागतं. आणि दुरुस्तीतसुद्धा ऑइलची नळी साफ न करता नवं कार्ट्रिज टाकलं तर काही दिवसांत तेही संपतं, जसं सील न बदलता टाकलेला पिस्टन.

आमच्या ब्लॉकला शेवटी तिसरा साइज मारावा लागला. या वेळी पिस्टन मी स्वतः नेऊन दिला. घरी आणल्यावर नुसती रिंग बोअरमध्ये ठेवली, पिस्टनच्या माथ्याने हलकेच खाली सरकवून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, घातलं. पातं ना सैल होतं ना अडकत होतं, दोन्ही बाजूंना ते रिंगेला घासत असल्याचं बोटांना कळत होतं. मग पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे करून, रिंगेची टोकं खाचेतल्या पिनवर आणून ब्लॉक खाली उतरवला. सुरुवातीचे काही दिवस थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला नाही आणि घाट टाळला. लूना अजून त्याच पिस्टनवर आहे. ब्लॉकमध्ये एक साइज शिल्लक आहे.