वाकळीवर नक्षीची जागा: आधी आखून आणू नका

“चौकोन १२ इंची आहेत, तेवढीच नक्षी टाका.” आम्ही वाकळीवर कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने नक्षी शिवतो, आणि बहुतेक वाकळा आमच्याकडे या एका मापावर येतात. मग मशीनच्या फ्रेमवर, म्हणजे वाकळ रोलरवर ताणून बसवायच्या चौकटीवर, आम्ही परत मोजतो तेव्हा उशीर का, अशी विचारणा होते.

जमिनीवर अंथरून घेतलेलं माप फ्रेमवर टिकत नाही. रोलरवर ताण बसला की कापड थोडं वाढतं, विरलेली सुती साडी तर जास्तच. पहिली ओळ शिवल्यावर भरणामुळे (आतल्या मऊ थरामुळे) कापड आत ओढलं जातं आणि शेजारचा चौकोन एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखडतो. कॉम्प्युटरला १२ सांगितलं तर तो १२च शिवणार. चौकोन पावणेबारा भरला, तर पाकळी शेजारच्या पट्टीवर चढते. चार मिनिटांत शिवलेलं फूल उसवायला पाऊण तास जातो, आणि जुन्या साडीवर सुईची भोकं राहतात ती राहतातच.

म्हणून प्रत्येक चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर सुई नेऊन आम्ही जागा टिपतो. जोडशिवणीपासून दोन सूत आत राहतो, कारण चार तुकडे मिळतात तिथे कापड जाड होतं आणि सुई वाकते. किंचित तिरका चौकोन कॉम्प्युटर सांभाळून घेतो. पण दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असला की गोल नक्षी अंड्यासारखी दिसते. अशा वेळी ती मधोमध सरळ बसवतो, तीही तुम्हाला विचारूनच.

तुम्ही एवढंच करा. वाकळीचा फोटो काढून चौकोनांना नंबर द्या, कुठे कोणती नक्षी आणि वरची बाजू कोणती ते लिहा. कापडावर चिठ्ठी लावायचीच तर कच्च्या टाक्याने लावा. टाचणी राहून गेली तर सुई तुटते. आरसे, टिकल्या, जरीचा काठ यांच्याभोवती शिंप्याच्या खडूने अर्धा इंच सोडून खूण करा, तिथे मशीन नेत नाही. बॉलपेन अजिबात नको. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर इस्त्री फिरवली तर ती पक्की बसू शकते.

अस्तर आणि भरण चारही बाजूंनी ४ इंच जास्त हवं. १०८ इंची पन्ह्याचं सुती अस्तर आमच्याकडे मिळतं, मध्ये जोड येत नाही.

जागा टिपण्याचे वेगळे पैसे नाहीत. शिवण्याआधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसवलेल्या नक्षीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तासगाव-विट्याच्या ग्राहकांनी त्यावर “चालेल” कळवलं की पुरे, त्यासाठी सांगलीला खेप नको.