जर्मनीतला सरकारी भाषा-कोर्स कुठनं आला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नर्सिंग झालेल्या पोरापोरींच्या घरात हल्ली ए-वन, बी-वन, बी-टू ह्या जर्मन भाषेच्या चढत्या पातळ्यांचीच चर्चा असते. तिकडं गेल्यावर भाषेचा कोर्स, कागदपत्रांसाठी सल्ला केंद्र वगैरे मिळतं हेही ऐकून माहीत असतं. पण ही सोय उभी रहायला जर्मनीला तब्बल ५० वर्षं लागली, ती गोष्ट इकडं फारशी कोणी सांगत नाही.

सुरुवात १९५५ ची. युद्धानंतर कारखाने जोरात, माणसं कमी, म्हणून पश्चिम जर्मनीनं इटलीशी कामगार आणायचा करार केला, मग स्पेन, ग्रीस, १९६१ ला तुर्कस्तान, नंतर पोर्तुगाल, युगोस्लाव्हिया असं वाढत गेलं. १९६४ ला दहा लाखावा कामगार म्हणून एका पोर्तुगीज माणसाचं कोलोनच्या स्टेशनावर बँड लावून स्वागत झालं, मोपेड भेट दिली, पण भाषा शिकवायचा विचार फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. हिशेब असा की दोन-चार वर्षं राबतील, परत जातील, मग खर्च कशाला? कामगार राहायचे बराकीत, कामाच्या सूचना दुभाष्याकडनं, बाकी दवाखाना, दुकान, घरमालक बहुतेक ज्याचं त्यानं बघायचं.

१९७३ ला तेलाचं संकट आलं आणि भरती बंद झाली. झालं उलटंच. एकदा गेलो तर परत येता येणार नाही म्हणून कितीतरी जण तिथंच थांबले आणि बायकापोरांना बोलावून घेतलं, मग पोरं शाळेत आली, बायका दवाखान्यात एकट्या जायला लागल्या. १९७४ ला परदेशी कामगारांच्या जर्मन वर्गांना पैसा देणारी एक संस्था निघाली खरी, पण वर्ग ऐच्छिक होते, दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी किती शिकणार. १९८३ ला तर सरकारनं परत जाणाऱ्यांना १०,५०० मार्क देऊ केले.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. त्याच काळात पोलंड, रशियाकडनं येणाऱ्या जर्मन वंशाच्या लोकांना सरकार कित्येक महिन्यांचे पूर्ण वेळ भाषावर्ग देत होतं, वर शिकताना पोट भरायला भत्ता. म्हणजे कसं शिकवायचं हे त्यांना चांगलं माहीत होतं, फक्त 'आपला' कोण हे आधीच ठरलेलं होतं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. आमची गोष्ट अर्थात वेगळी आहे, १९५६ ला इथली माणसं कुठं गेली नाहीत, राज्याची हद्द बदलली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीतनं घटनेत कलम ३५०-अ आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करावी म्हणून. आपली भाषा राखणं आणि नव्या जागेची शिकणं ह्या दोन्ही गोष्टी माणसाला लागतात, आणि दोन्हीत सरकारचा हात लागतोच असं मला मनापासून वाटतं.

जर्मनीत बदल आला तो नव्या शतकात. स्वीडननं १९६५ पासूनच नवख्यांना स्वीडिश शिकवायला घेतलं होतं, नेदरलँड्सनं १९९८ ला कायदाच केला. २००१ ला जर्मनीत एका सरकारी आयोगानं आपला देश स्थलांतरितांचा आहे हे मान्य करा असं सांगितलं आणि १ जानेवारी २००५ पासून स्थलांतराचा नवा कायदा लागू झाला. त्यात ६०० तास भाषा, ४५ मिनिटांचा एक तास धरून, ध्येय बी-वन, शिवाय कायदा-इतिहास-समाज यावर ३० तास, जे २०१६ पासून १०० झाले. घर, नोकरी, पोरांची शाळा यासाठी सल्ला केंद्रांची सोयही ह्याच कायद्यात बसवली, ती कारितास, रेड क्रॉससारख्या संस्था चालवतात.

२००७ ला मात्र नवरा-बायकोच्या व्हिसासाठी येण्याआधीच ए-वन पाहिजे असा नियम आला, काहींना सूट सोडून. म्हणजे शिकायचा पहिला भार परत माणसावरच, आणि तोही आपल्या गावात, आपल्या खर्चानं. नर्सची नोंदणी व्हायला बहुतेक ठिकाणी बी-टू लागतं, ते ह्या ६०० तासांच्याही पुढचं.