घरची भाषा (माध्यमिक शाळेतली)

घरची भाषा म्हणजे पोरं आईशी, आजीशी बोलतात ती. शाळेच्या कागदावर 'माध्यम' म्हणून असते ती बऱ्याचदा वेगळीच. मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे, घरात कोरकू (तिथल्या आदिवासींची भाषा), बाजारात हिंदी, वर्गात मराठी आणि वरून इंग्रजी असा सगळा मामला असतो.

घटनेचं कलम ३५०-अ (१९५६ ची दुरुस्ती) मातृभाषेतून शिकवायची सोय करा म्हणतं, पण ते फक्त प्राथमिकपुरतं. २०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवी नि पुढेही म्हणतं, आता 'जमलं तर' म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. थोडक्यात नववी-दहावीची पोरं वाऱ्यावर, आणि नेमकं तिथेच पुस्तकात प्रवेग (वेग बदलण्याचा दर), परासरण (ऑस्मॉसिस) असले शब्द येतात. गप्पांपुरती भाषा लवकर येते, अभ्यासाची यायला कित्येक वर्षं लागतात हा फरक भाषाशिक्षणाचा अभ्यासक जिम कमिन्सने १९७९ मध्येच मांडला होता, तरी 'मराठी तर फाडफाड बोलतो, मग पेपरात काय होतं' हे ऐकू येतंच.

कोरकू ही मुंडा भाषागटातली, झारखंडकडच्या संथाळीच्या नात्यातली, मराठीशी काही संबंध नाही. तिच्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सजीव-निर्जीव असा भेद आहे, म्हणून पोरगं 'माझा पुस्तक' लिहितं तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो, खुर्ची ती आणि टेबल ते का हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. उलट कोरकूत द्विवचन, म्हणजे दोनासाठी वेगळं रूप, आहे! संस्कृतच्या तासाला मराठी घरातली पोरं जिथे अडखळतात ते याच्या घरात रोज बोललं जातं, पण हे कुणी विचारतच नाही.

सरांना कोरकू यायलाच हवी असं नाही. गटात चर्चा घरच्या भाषेत करू द्यायची आणि उत्तर मराठीत लिहून घ्यायचं, एवढं केलं तरी पुष्कळ. याला ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात, वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी वेल्श-इंग्रजी वर्गांसाठी ही पद्धत मांडली, तिथे वाचायचं एका भाषेत नि लिहायचं दुसऱ्या. भिंतीवर दोन भाषांतली शब्दयादी पोरांकडूनच करून घेता येते. परासरणाला कोरकू शब्द सापडला नाही तर मराठीच शब्द कोरकू वाक्यात बसवायचा, आपण मराठीत 'व्होल्टेज' म्हणतोच की.