‘डब्ल्यूसी’ पॉलिसीच्या आधीची गोष्ट

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत गाळा चालवणाऱ्या कुणालाही ‘डब्ल्यूसी काढलीय का?’ असं विचारा, त्याला लगेच कळतं. डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन: कामगाराला अपघात झाला तर मालकाने द्यायच्या भरपाईचा विमा. कायद्याच्या नावातून ‘वर्कमेन’ हा शब्द 2010 सालीच गेला आणि तिथे ‘एम्प्लॉयी’ आला, पण बोलण्यात डब्ल्यूसीच राहिली. बऱ्याच मालकांच्या लेखी ती गेटपाससाठी लागणारी एक झेरॉक्स असते. मोठ्या कंपनीत कामाला माणसं पाठवायची, तर सिक्युरिटीला दाखवावी लागते. मी हे फॉर्म भरून देण्याचं काम करतो आणि त्या झेरॉक्समागे काय आहे, हे मालकांना सांगत असतो.

सुरुवात ठाण्यापासूनच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 चा, ठाण्यातला. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी त्यांच्या लढ्यामुळे 1890 साली मिळाली, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. त्याआधी 1884 मध्ये त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं एक निवेदन सरकारपुढे ठेवलं होतं. त्यात सुट्टीच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना जबर दुखापत झाली, तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा. तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. मला ही मागणी सुट्टीइतकीच मोठी वाटते, आणि ती मागे पडली याचं वाईटही वाटतं.

त्या वेळी इथे होता तो 1855 चा प्राणघातक अपघातांचा कायदा. तो माणूस गेल्यावरच लागू व्हायचा, आणि चूक मालकाची होती हे वारसांनी सिद्ध करायचं. यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेलेल्या कामगाराच्या बायकोने साक्षीदार कुठून आणायचे? गिरणीतलेच लोक, त्यांची नोकरी मालकाच्या हातात. जर्मनीत मात्र त्याच 1884 साली कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. ब्रिटनने 1897 मध्ये चूक कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवून भरपाई देणारा कायदा केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोखंडे प्लेगने गेले.

आपल्याकडे कायदा व्हायला 1923 उजाडलं, आणि 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. त्याचं मर्म एका वाक्यात येतं: अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला असेल, तर भरपाई मालकाने द्यायची, चूक कुणाची हे विचारायचं नाही. रक्कम मात्र तुटपुंजी होती. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यातलं जे कमी असेल ते.

पुढे 1948 मध्ये राज्य कामगार विमा (ईएसआय) कायदा झाला आणि ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराच्या अपघाताचा भार त्या योजनेवर गेला. जिथे ईएसआय लागू नाही, तिथे जुनाच कायदा उरला. म्हणजे नेमका छोटा गाळा. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने आले, आणि त्यांच्या आधाराने पाच-सहा माणसांची जॉबवर्कची युनिटं. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बोटं जातात ती बहुतेक अशाच ठिकाणी.

बोटाचा हिशोब कायद्याने कसा बांधलाय, तो एकदा बघाच. तीस वर्षांचा ऑपरेटर, महिना 15,000 रुपये पगार. कायमचा पूर्ण अधू झाला, तर पगाराच्या साठ टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणांक 207.98. झाले 18,71,820. एका हाताची दोन बोटं गेली, तर कायद्याच्या तक्त्याप्रमाणे कमाईची ताकद वीस टक्के गेली असं धरतात: 3,74,364 रुपये. मृत्यूत पगाराचे पन्नास टक्के धरतात, म्हणून 15,59,850. पगार याहून जास्त असला, तरी जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने हिशोबापुरता 15,000 च धरायचा ठरला.

पण हा तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नाही. एक सुतार सिनेमागृहाचं काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये म्हटलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हा पूर्ण अधूपणा. आणि भरपाई निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवसापासून देणं लागते. महिन्याभरात पैसे दिले नाहीत, तर बारा टक्के व्याज. त्यावर सबळ कारण नसेल, तर निम्म्यापर्यंत दंड.

‘तो पिऊन आला होता’ हे मालकाचं पहिलं उत्तर असतं. मृत्यू किंवा कायमचा पूर्ण अधूपणा असेल, तर ते चालत नाही. ‘तो तर रोजंदारीवरचा’ हे उत्तर 2000 सालच्या दुरुस्तीने संपवलं. 2017 पासून तर कामावर घेतानाच हा हक्क कामगाराला त्याला समजेल अशा भाषेत लेखी सांगायचा आहे. जुलै 2025 मध्ये आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचं प्रकरण निकाली निघालं. तो 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. कामाशी संबंध जुळत असेल, तर वाटेतला अपघातही कामातलाच, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. घरच्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली. नोव्हेंबर 2025 पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आणि वाटेतल्या अपघाताची तरतूद आता तिच्यातच लिहिलेली आहे.

या सगळ्यात विमा कुठे आला? 1923 च्या कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली, विम्याची सक्ती केली नाही. पॉलिसी हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातला करार. म्हणूनच 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारात व्याज वगळलं असेल, तर ते मालकाने भरायचं. उपचाराचा खर्च, व्यवसायामुळे होणारे आजार, ठेकेदाराची माणसं हे सगळं पॉलिसीत आहे की नाही, ते वाचूनच कळतं.

प्रीमियम ठरतो तो तुम्ही लिहून दिलेल्या पगारावर. मागे एका गाळ्यात मालकांना विचारलं, ‘शेठ, माणसं किती?’ ते म्हणाले, ‘सहा लिहा.’ प्रेसवर चौघे, एक पॅकिंगला, एक टेम्पोवर. दाराशी एक मावशी बर्र (कापलेल्या पत्र्याची खरबरीत धार) काढत बसल्या होत्या आणि एक पोरगा पत्रे उचलून देत होता. ‘हे दोघे?’ ‘ते हजेरीवर नाहीत हो, लागले तर येतात.’ मी त्यांना वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवला, मावशींचं वय विचारून त्यांचा वेगळा. त्यांनी तो दोनदा तपासला, मग हजेरीचं पुस्तक उघडून सातवी आणि आठवी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. फॉर्मवर आठ माणसं गेली.