मोफत ऑनलाइन इंग्रजी: खर्च कोणी उचलला?

आज जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा शिक्षक मधल्या सुट्टीत इंग्रजी शब्दांची प्रश्नमंजूषा तयार करतो, तिची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकतो आणि संध्याकाळपर्यंत कोणत्या मुलाचे काय चुकले ते त्याला कळते. यासाठी त्याला पैसे मोजावे लागत नाहीत. ही सोय इथवर कशी आली ते पाहताना दोन प्रश्न हाताशी ठेवायला हवेत. शिकणाऱ्याला उत्तर द्यायला जागा होती का? आणि साधन फुकट होते तेव्हा त्याचा खर्च कोण करत होते? दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष फार कमी जाते. माझ्या मते साधन किती वर्षे टिकणार हे बहुतेक वेळा त्याच्याच उत्तरावर ठरले आहे.

फुकटचे इंग्रजी इंटरनेटच्या कितीतरी आधी रेडिओवरून घरोघर पोचत होते. बीबीसीने १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, परदेशी श्रोत्यांसाठी इंग्रजीचे धडे सुरू केले. व्हॉइस ऑफ अमेरिकाचे ‘स्पेशल इंग्लिश’ १९ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाले. सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, आटोपशीर वाक्ये आणि नेहमीपेक्षा संथ वाचन असे त्याचे रूप होते. पैसा त्या त्या सरकारचा होता. आपली भाषा आणि आपली बातमी जगभर जावी ही त्यांची गरज होती, आणि ती गरज टिकली तोवर कार्यक्रमही टिकले.

पण ऐकणारा गप्प राहायचा. ही कोंडी फोडली ती ‘संवादी रेडिओ’ने. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने १९७४ पासून निकाराग्वात गणितासाठी ही पद्धत आजमावली आणि १९८०च्या दशकात केनियात पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी ती इंग्रजीला लावली गेली. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारतो, मग काही सेकंद थांबतो. तेवढ्यात अख्खा वर्ग मोठ्याने उत्तर देतो आणि लगेच बरोबर उत्तर ऐकू येते. महाराष्ट्राने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, तेव्हा हजारो शिक्षकांपुढे एकच अडचण उभी राहिली. स्वतःला बोलायची सवय नाही ती भाषा मुलांना बोलायला शिकवायची कशी? पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ने याच संवादी पद्धतीवर ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ध्वनिकार्यक्रम तयार केला आणि तो आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेला. मराठी मुलांच्या इंग्रजीचा इतिहास लिहिताना संगणकाच्या कौतुकात या कार्यक्रमाचा विसर पडतो, याचे मला वाईट वाटते. वर्गात एक रेडिओ असला की पन्नास तोंडे एकदम उघडत होती.

संगणकाची वाट वेगळी होती. इलिनॉय विद्यापीठात डॉन बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणव्यवस्था सुरू केली. १९७२च्या तिच्या चौथ्या आवृत्तीत बोटाने स्पर्श करून उत्तर देता येणारा पडदा होता. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे धडेही चालले. चुकलेल्या शब्दात नेमके कुठे चुकले हे यंत्र तिथल्या तिथे दाखवत असे. आजच्या ॲपमधला तो लाल-हिरवा रंग याच घराण्यातला. मात्र प्लेटो एका महागड्या मोठ्या संगणकाला जोडलेला होता. विद्यापीठाबाहेरच्या सामान्य शिक्षकाला तो स्वप्नातही परवडणारा नव्हता.

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये शाळांत छोटे संगणक आले. जॉन हिगिन्स आणि टिम जॉन्स हे दोन इंग्रजीचे शिक्षक त्यांच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. पडद्यावरचा अख्खा उतारा पुसून टाकायचा आणि विद्यार्थ्याने एकेक शब्द ओळखत तो पुन्हा उभा करायचा, असा एक खेळ त्या काळात लोकप्रिय झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन्स यांचे पुढचे काम मला अधिक मोलाचे वाटते. परदेशी विद्यार्थी विचारत, इथे हा शब्द का, तो का नाही? जॉन्स नियम सांगत बसत नसत. खऱ्या लेखनातून त्या शब्दाची पंचवीस-तीस उदाहरणे एकाखाली एक छापून विद्यार्थ्यापुढे ठेवत आणि नियम त्यालाच शोधायला लावत. इंग्रजीच्या ‘डिपेन्ड’ क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते हे पाठ करणे वेगळे आणि तीस ओळींत एकच अव्यय पुन्हा पुन्हा येताना पाहणे वेगळे. आज खऱ्या मजकुराचा, दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश संग्रह आणि मार्क डेव्हिस यांनी २००८ मध्ये खुला केलेला अमेरिकन इंग्रजीचा संग्रह कोणालाही घरबसल्या चाळता येतो. आपल्या बी.एड. महाविद्यालयांत मात्र त्यांची ओळख क्वचितच करून दिली जाते.

१९९५च्या सुमारास वेब आले आणि शिक्षकांनी ते ताब्यात घेतले. अमेरिकेत डेव्ह स्पर्लिंग यांनी इंग्रजी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी एक संकेतस्थळ उघडले. जपानच्या आइची तंत्रज्ञान संस्थेतून चार्ल्स आणि लॉरेन्स केली यांनी शिक्षकांचे नियतकालिक सुरू केले आणि देशोदेशीच्या शिक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नमंजूषांचा मोठा साठा उभा केला. या टप्प्यावर खर्च विद्यापीठांच्या सर्व्हरवर आणि शिक्षकांच्या रात्रींवर पडत होता. कोणी नफा शोधत नव्हते.

याच वातावरणात कॅनडाच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मार्टिन होम्स आणि स्ट्युअर्ट आर्नील यांनी १९९८ मध्ये ‘हॉट पोटॅटोज’ तयार केले. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या शिक्षकाने स्वतःचा स्वाध्याय स्वतः बनवावा, हा त्यामागचा हेतू होता. त्यातले मुख्य पाच प्रोग्रॅम मराठी शाळेतल्या कोणालाही प्रश्नपत्रिकेवरून ओळखीचे वाटतील: गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, शब्दांचा योग्य क्रम लावून वाक्य लिहा, शब्दकोडे सोडवा, योग्य पर्याय निवडा. शिक्षकाने प्रश्न, उत्तरे आणि प्रत्येक चुकीसाठी एक सूचना लिहायची, बटण दाबायचे, की एक वेबपान तयार. ते फ्लॉपीवर घ्या, शाळेच्या संगणकावर ठेवा किंवा इंटरनेटवर चढवा.

त्याच्या परवान्यातली अट मला फार आवडते. सरकारी पैशावर चालणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या शिक्षणसंस्थेतल्या शिक्षकाला ते फुकट होते, पण त्याने बनवलेले स्वाध्याय वेबवर सर्वांसाठी खुले ठेवायचे. बाकीच्यांनी परवाना विकत घ्यायचा. म्हणजे किंमत होतीच, ती वाटून खाण्याच्या रूपात चुकवायची होती. या एका अटीमुळे जगभरातून स्वाध्याय उघड्यावर आले. २००९ मध्ये ती अटही काढली गेली आणि साधन सर्वांसाठी पूर्ण मोफत झाले.

पुढच्या दहा वर्षांत रूप पालटले. साधन आता शिक्षकाच्या संगणकावर राहिले नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर गेले आणि त्याबरोबर शिक्षकाचे कामही तिकडे गेले. २००७ मध्ये जॉन ब्रीन यांनी सुरू केलेल्या ‘फ्री राइस’मध्ये इंग्रजी शब्दाचा बरोबर अर्थ निवडला की भुकेल्यांसाठी तांदळाचे दहा दाणे जमा होत. पैसा पानावरच्या जाहिरातदारांचा होता. २००९ मध्ये हा खेळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेला, म्हणूनच तो टिकला. सगळ्यांचे नशीब असे नव्हते. ‘निंग’ या गट बनवण्याच्या संकेतस्थळावर इंग्रजी शिक्षकांनी आपले गट बांधले होते, २०१० मध्ये तिथली मोफत सेवा बंद झाली. ‘विकिस्पेसेस’वर वर्गांच्या वह्या होत्या, ते २०१८ मध्ये मिटले. सर्वांत मोठा घाव फ्लॅशचा, म्हणजे वेबपानावर हलती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या अडोबी कंपनीच्या तंत्राचा. हलती चित्रे, आवाज आणि खेळ यांनी भरलेले असंख्य इंग्रजी धडे फ्लॅशमध्ये बनले होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणेच थांबले. सुरक्षेची कारणे खरी होती, सूचनाही २०१७ मध्येच मिळाली होती. पण निवृत्त झालेल्या शिक्षकाचा जुना खेळ नव्या तंत्रात कोण उतरवणार होते?

भाषा शिकवणाऱ्या ‘ड्युओलिंगो’ ॲपची गोष्ट पैशाच्या अंगाने सर्वांत बोलकी आहे. तिचे एक संस्थापक लुईस फॉन आन हे ग्वाटेमालाचे. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायला त्यांना शेजारच्या एल साल्वादोरला जावे लागले होते. गरीब देशात इंग्रजी शिकायलाच पैसा लागतो, ही जाणीव तिथली. कार्नेगी मेलन विद्यापीठात सेव्हरिन हॅकर यांच्यासोबत त्यांनी हे साधन घडवले आणि जून २०१२ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. मूळ कल्पना अशी की, विद्यार्थी सराव म्हणून वेबवरचा मजकूर भाषांतरित करतील आणि त्या भाषांतरासाठी कंपन्या पैसे देतील. बझफीड आणि सीएनएन यांनी तसा करारही केला. पण तो मार्ग पुढे सोडून द्यावा लागला आणि जाहिराती, वर्गणी व इंग्रजी परीक्षेचे शुल्क यांवर गाडा चालू लागला. २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. धडे अजून फुकट आहेत, हे मान्यच. पण शिक्षकाला त्यात आपले वाक्य, आपल्या गावाचे नाव, आपल्या वर्गाची चूक घालता येत नाही.

ती जागा प्रश्नमंजूषेचे खेळ चालवणाऱ्या नॉर्वेच्या ‘कहूट’ने (२०१३) आणि बंगळुरूत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्विझिझ’ने भरली. प्रश्न शिक्षकाचे, खेळ त्यांचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी याहून साधी वाट धरली. गूगल फॉर्मवर चाचणी करायची, ती सोडवणाऱ्याला त्याचे नाव घातलेले प्रमाणपत्र आपोआप ईमेलने जावे अशी व्यवस्था करायची आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची. एका शिक्षकाची चाचणी तालुक्या-तालुक्यांतून फिरली. घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा मुलांपर्यंत ती पोचली नाही, हेही त्याच वर्षांनी दाखवून दिले.

अशा घरांसाठी मला गूगलचे ‘रीड अलाँग’ महत्त्वाचे वाटते. ते मार्च २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने भारतात आले, त्याआधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे दोनशे गावांत आजमावले गेले आणि नंतर त्यात मराठीही आली. मूल मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतो. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. रेडिओ उत्तरासाठी थांबत होता, पण ते उत्तर त्याला ऐकू येत नव्हते. इथे ते ऐकले जाते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. यंत्राशी इंग्रजीत गप्पा मारण्याची मुळे १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी लिहिलेल्या ‘एलायझा’पर्यंत जातात. मला त्या गप्पांहून दुसऱ्या एका वापरात अधिक रस आहे. शिक्षक आता मराठीत सांगून एकाच फाइलमध्ये बसणारा, गाळलेल्या जागा भरण्याचा स्वाध्याय तयार करून घेऊ शकतो. ती फाइल त्याच्या स्वतःच्या संगणकावर राहते, कंपनी बंद पडली तरी उघडते आणि नेटशिवायही चालते. उत्तरसूची मात्र मुलांपुढे ठेवण्याआधी त्याने ओळीनओळ तपासायला हवी. एका जागी दोन शब्द बरोबर बसत असतील तर यंत्र अनेकदा एकच धरते, आणि दुसरा लिहिणाऱ्या मुलाला ‘चूक’ असा शेरा मिळतो.