चालता धंदा घेण्यापूर्वीची उद्योगतपासणी

दुसऱ्याने उभारलेला चालता लघुउद्योग विकत घेण्यापूर्वी, घेणाऱ्याला अपरिचित असलेल्या त्या धंद्याचे अर्थकारण, तंत्र, कायदेशीर बंधने आणि जोखीम यांचा केलेला अभ्यास. हिशेबाच्या वह्यांवरून एका कारखान्याचा मागचा काळ कळतो. त्या धंद्यात पैसा कुठे सुटतो, कुठे अडकतो आणि कुठे बुडतो, हे उद्योगतपासणीतून समजते. बेळगाव आणि लगतच्या सीमाभागात बरेच व्यवहार नात्यागोत्यातून आणि जुन्या ओळखीतून ठरत असल्याने ही पायरी सहज गाळली जाते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखादी फाउंड्री, म्हणजे धातूचे ओतकाम करणारा कारखाना, घ्यायची झाल्यास बाहेरच्या माणसाला भट्टी, मोल्डिंगची यंत्रे आणि शेड हीच मालमत्ता वाटते. प्रत्यक्षात ज्या पॅटर्नवरून (नमुन्यांवरून) साचे घेतले जातात ते बहुधा ग्राहक कंपनीच्या मालकीचे असतात, आणि तिने ते उचलून नेले की कामही जाते. म्हणून पॅटर्न कोणाचे, ऑर्डर लेखी की तोंडी आणि एकाच ग्राहकावर किती उलाढाल टेकलेली आहे, हे भट्टीच्या क्षमतेआधी विचारावे. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला वीज हा मोठा खर्च असल्यामुळे हेस्कॉम या वीज कंपनीची वर्षभराची बिले विकलेल्या मालाच्या टनांशी ताडून पाहिल्यास, सांगितलेले उत्पादन खरे की फुगवलेले याचा बराच उलगडा होतो. रिजेक्शनचे म्हणजे नापास मालाचे प्रमाण, पिग आयर्न (कच्चे लोखंड) व भंगाराचे दर वाढल्यास ग्राहक भाव वाढवून देतो की नाही आणि वाळूच्या धुळीतून कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराचा धोका, हेही पाहावे लागते. केवळ इंजिनाचे भाग ओतणाऱ्या कारखान्याला विजेवरील वाहनांचा प्रश्न आज ना उद्या भेडसावणारच.

काजूप्रक्रियेत जोखीम वेगळी असते. कच्ची बी उन्हाळ्याच्या हंगामात घेऊन पुढे अनेक महिने फोडायची असल्याने भांडवल गोदामात पडून राहते. १०० किलो बीमधून साधारण २५ ते ३० किलो गर निघतो. उतारा थोडा घसरला किंवा अखंड गराऐवजी तुकडा वाढला तरी नफा जातो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजूवरील जीएसटी नोंदणीकृत खरेदीदारालाच भरावा लागतो. बी महाराष्ट्रातील चंदगडहून आली, तर अंतर थोडे असूनही व्यवहार आंतरराज्य ठरतो. वडगाव-शहापुरातील यंत्रमागांना सुताचा दर, तर निपाणीच्या विडी-तंबाखूला सरकारी धोरण अधिक जाचते.

माहिती विकणाऱ्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या माणसांकडून चांगली मिळते: भंगारवाले, अडते, वाहतूकदार, यंत्रदुरुस्ती करणारे आणि पूर्वी तिथे राबलेले कामगार. त्यांतही उधारी किती दिवसांनी वसूल होते, हे कच्चा माल पुरवणारा सर्वांत नेमके सांगतो.

कायदेशीर बाजू कोरडी वाटली तरी महाग पडू शकते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित होईपर्यंतच्या थकीत करास घेणाराही विकणाऱ्याइतकाच जबाबदार असतो. भविष्य निर्वाह निधीची थकबाकीही नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते. जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ खालील प्रदूषण मंडळाची संमती चालू आहे का, तसेच औद्योगिक वसाहतीतील भूखंड ती वसाहत चालवणाऱ्या मंडळाच्या परवानगीविना हस्तांतरित करता येतो का, हे तपासावे. सातबाऱ्याच्या जागी इथे कन्नडमधील आरटीसी उतारा असतो. तो ज्याला वाचता येत नाही, त्याने विकणाऱ्याच्या नव्हे तर स्वतःच्या वकिलाकडून समजून घ्यावा.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मधील अपवादानुसार, धंद्याची पत (गुडविल, म्हणजे नावलौकिक) विकणाऱ्यावर ठरावीक स्थानिक हद्दीत तोच धंदा न करण्याची अट घालता येते, मात्र ती हद्द न्यायालयाला वाजवी वाटावी लागते. बेळगावात ही हद्द लिहिताना निव्वळ शहराचे किंवा तालुक्याचे नाव पुरत नाही, कारण विकणारा राज्याची सीमा ओलांडून शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत त्याच ग्राहकांसाठी नवी शेड उभारू शकतो.